हळद कोणाची हाय?

— नाही दादा, निवेदनाचा नमुना ऐकायचाच असेल तर मोबाईलवर ऐकवतो, आत्ता तोंडाने नको. आई आहे आत. झोपली नाहीये, पण — असू दे. तुमची हळद वांगणीला ना? म्हणजे मंडळी सगळी आपलीच. मग आपल्या बोलीत करू. मी आधी तेच विचारतो, समोर कोण बसणार. बदलापूरला ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार असला की ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरुवात, मध्ये एखादा संस्कृत श्लोक, शब्द जड, आवाज खाली. उल्हासनगरला दुकानाचं उद्घाटन असलं की हिंदी, आणि शेठच्या वडिलांचं नाव शेठच्या आधी — ते चुकलं तर पुढच्या वेळी बोलावत नाहीत. सगळं मीच लिहितो. तोच माणूस, तोच माईक, पण वाक्य वेगळं, श्वास कुठे घ्यायचा ते पण वेगळं. लोक म्हणतात, मधुभाऊ, तुम्हाला सगळं जमतं. जमतं, हो. कंटाळा येतो आता.

हळदीला मात्र आगरीच. ओळीओळीला हशा. तुम्ही व्हिडिओ बघितला म्हणालात ना, त्यात ती म्हातारी जावयाला झापते — ती आईच आहे. म्हणजे, आईसारखी. तिचा हेल घेतला, थोडा वाढवला. वाढवावाच लागतो, साधं बोललं तर कोण हसणार? शाळेत मी साधंच बोलायचो, तेव्हा इथे अंबरनाथला वर्ग हसायचा, ते हसू वेगळं. मग मी भाषा घासून घासून अशी केली की बायको — ती साताऱ्याची, शिक्षिका — तिला लग्नाआधी कळलंच नव्हतं मी कुठला. घरात कोणी आलं की आई आपणहून आत जाऊन बसायची. मी तसं कधी सांगितलं नाही हां तिला. एकदाही नाही. तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगतोय.

काय झालंय? मेंदूचा झटका आला तिला, गणपतीनंतर. हात चालतो, बोलते, पण मधली सगळी वर्षं पुसली गेलीत. मला ओळखत नाही. मी ‘आई, दोन घास खाऊन घे’ म्हटलं की पदर डोक्यावर ओढते आणि म्हणते, सायेब, मना घरा सोरा. माझ्या हातचं खात नाही, बायकोच्या हातचं नाही. कोणा साहेबाच्या घरी अडकलेय असं वाटतं तिला. परवापासून नुसतं पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या सवयीचं बोला, ओळखीचा आवाज पोचतो. मी म्हटलं, एवढंच ना? अहो, माझा धंदाच तो. बसलो तिच्याजवळ, वाटी घेतली आणि बोललो आगरीत, मस्त बोललो — आणि ती एकदम खुलली, दादा. उठून बसली, दाराकडे बघितलं, मला विचारते, “हलद कोनाची हाय?”

हसा, हसा, मला पण आधी हसू आलं होतं. मग परत बोललो, हळू बोललो, हेल काढून टाकला, तर खाली काही उरेचना. शाळेचं निघालं आणि माईकवरचं निघालं. तिसरं नाहीच. ती वाट बघत बसली नवरी कधी येते त्याची, आणि वाटीला हात लावला नाही. हळदीचं जेवण नंतर असतं ना, आधी कसं जेवणार? आज संध्याकाळपर्यंत काही गेलं नाही तर नाकातून नळी घालतील. तिला नळी. डोक्याला रुमाल बांधला तरी उपटून काढते ती. मला भीती वाटते हो.

दादा, एक विचारू? मघाशी तुम्ही दारात उभं राहून हाक मारलीत — हाय कं कोन घरान? — तेव्हा तिने मान वळवली. मी बघितलं. म्हणूनच तुम्हाला एवढा वेळ बसवून ठेवलंय, तारखेचं काय, ते एका मिनिटात झालं असतं. ही पेज आहे, कोमट आहे. न्याल आत? काही वेगळं नाही बोलायचं, तुमच्या घरी आईशी बोलता तसं. नाही, मी काय लिहून देऊ त्यात? मी लिहिलं तर परत हळदच होणार.

जा, उजवीकडे. पलंगावर बसलात तरी चालेल. मी इथे दारापाशी —

हं. ‘कवा आयलास?’ म्हणतेय. तुम्हाला. मधू म्हणतेय तुम्हाला. नको, नको, सांगू नका, दादा — हो म्हणा. आत्ताच आलो म्हणा. भरवा, तोंड उघडलंय तिने. माझ्याकडे बघू नका, ती पण बघेल. बोला तुम्ही, बोलत राहा. मी गप्प बसतो.