मधली भट्टी

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आज निवृत्त होणारे आपले प्रयोगशाळेतले साहेब, पहिल्या रांगेत साहेबांची पिशवी सांभाळत बसलेल्या वहिनी, आणि पाळी संपवून तशाच इथे आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

पॉलिश विभागाच्या वतीने मी दोन शब्द बोलावेत, असं ठरलं. माझे दोन शब्द दोनावर थांबत नाहीत हे ठाऊक असून ठरलं, तेव्हा आता भोगा.

साहेबांना आम्ही मागून ‘ताणसाहेब’ म्हणतो. आज तोंडावर म्हटलं, राग नसावा. शीट आरशासारखी लखलखीत दिसो, तिची पट्टी कापून यंत्रात ताणून बघितल्याशिवाय हा माणूस ती पुढे सोडायचा नाही. कारण आपल्या या बिननिकेलच्या स्टेनलेस स्टीलची खोडच तशी. सपाट असताना गुणी बाळ, आणि सिंक करायला दाबून ओढलं, की अंगावर लांबच लांब वळ उठतात. वहिनी सांगत होत्या, एकदा कुणाकडे जेवायला गेले, तर हात धुता धुता साहेब त्यांच्या सिंकवरून नख फिरवत उभे! बाहेर मंडळी ताटावर खोळंबलेली. शेवटी वहिनींनी चिमटा काढून बाहेर आणलं.

हसा, पण ते वळ घासून काढायचे कोणी? आम्ही. दिवसभर ग्राइंडर धरायचा आणि त्याची थरथर कोपरापर्यंत चढायची. माझी धाकटी बहीण याच कामावर होती. एका थंडीतल्या संध्याकाळी तिची मुलगी तिला न्यायला फाटकापाशी आली होती. पोरीच्या स्वेटरचं बटण हिला लावता येईना. त्या थरथरीने बोटं पांढरी पडलेली, बटण चिमटीत आहे की नाही तेच कळेना, आणि ही हसण्यावारी नेतेय. मागून साहेब येत होते. त्यांनी डबा खाली ठेवला, गुडघ्यावर बसले आणि बटण लावलं. मग हिच्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिले. मी शेजारीच होते, मला म्हणाले, “ताई, हे वळ तुमच्यापर्यंत यायलाच नकोत.”

पुढचं मला जेवढं कळलं तेवढं सांगते. ओतलेल्या पोलादात जाडे, लांब कण असतात. एका दमात लाटलं की त्यांचे पट्टे तसेच राहतात आणि ओढताना प्रत्येक पट्टा आपल्या मर्जीने ताणला जातो. साहेबांचं म्हणणं, अर्धं लाटा, मध्येच भट्टीत तापवून नवे बारीक कण येऊ द्या, मग उरलेलं लाटा. कणीक मळून जरा मुरू देतो ना, तसंच. पण मुरू द्यायला वेळ कुणाला? माल उशिरा निघतो म्हणून वरून बोलणी, खालून टोमणे! साहेब मात्र ताणलेल्या दोन पट्ट्या, एक जुन्या पद्धतीची, एक नव्या, वरिष्ठांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून यायचे. अखेर मधली भट्टी मिळाली.

वळ पार गेले असं नाही, पण आता हलका हात पुरतो. बहिणीची बोटं पूर्ववत झाली नाहीत, खोटं कशाला बोलू? पण तिच्यानंतर आलेल्या मुली त्या मागे बसल्या आहेत, त्यांची बोटं धड आहेत. साहेब, आमचा तुमच्यावर फार जीव आहे. कधी बोललो नाही, आज बोलते.

अध्यक्ष महोदय, आता थोडा आगाऊपणा करते. कँटीनमध्ये कुजबुज आहे, की साहेब गेले की मधली भट्टी बंद, म्हणजे माल लवकर निघेल. साहेबांनी आपल्याला विचारलं नसेल. जाणाऱ्याने काही मागू नये, असा त्यांचा स्वभाव. म्हणून मी मागते. घड्याळ दिलंत, सुरेख आहे. पण त्यांच्या मनाजोगी भेट द्यायची तर ती भट्टी राहू द्या. राहील ना?

मान हलली. मागच्यांना दिसलं नसेल, जरा तोंडाने सांगता का?

“राहील” म्हणाले. ऐकलंत सगळ्यांनी.

मला बोलू दिलंत, आपली ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं तोंडून गेलं असेल तर ते माझं, विभागाचं नव्हे, पोटात घाला. आणि साहेब, असं खाली बघू नका. राहील म्हणालेत. आता निवांत घरी जा.