नित्याला माइक देण्याआधी

आजच्या सभेचे अध्यक्ष श्रीयुत रघुपतीराव, व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेले आणि माझं भाषण लांबेल या धास्तीनं घड्याळ काढून हातात धरलेले प्रमुख पाहुणे वेंकटेशराव, आपल्या मराठी मंडळाच्या कार्यदर्शी कनकलताबाई, समोरच्या माझ्या बहिणींनो, भावांनो, पंख्याखाली जागा मिळालेल्यांनो आणि न मिळालेल्यांनो, सर्वांस माझा नमस्कार.

मी कमलाक्षी. जिचा आज निरोप आहे त्या नित्याची आजी. नित्या परवा पुण्यास जाते. बँकेत नोकरी लागली. मागचे वक्ते फार सुंदर बोलले. 'मराठीची मुलगी मराठीच्या घरी चालली' असं म्हणून रुमाल काढला. मी रुमाल आणला नाही. कागदही आणला नाही, कारण ही आपली मराठी अक्षरं मज वाचता येत नाहीत. तिसरीपर्यंत गेले, तेही तमिळ शाळेत, आणि तिथंही जास्त वेळ खिडकीतून बाहेरच.

अध्यक्ष महाराज, आम्ही वाढलो ते हे करंदै तेव्हा शहरात नव्हतं आणि गावातही नव्हतं. वडवारु नदी ओलांडली की तंजावर. अलीकडे आम्ही, भाताची गिरणी आणि गटार. आता लोक जुन्या करंदैचं नाव काढून डोळे मिटतात. गटाराचा वास त्यांना आठवत नाही वाटतं? मला आठवतो. पण मजा होती, हे खरं. गिरणीचा कोंडा उडून गच्चीवरच्या पापडांवर बसायचा. आई खालून ओरडायची, "कावळ्या, मेल्या, तुझ्या सासऱ्यानं ठेवले आहेत का रे पापड?" आमच्या गल्लीतल्या कावळ्यांस मराठी कळायची. गल्लीबाहेरच्या माणसांस मात्र नाही!

तीच तर आमची श्रीमंती. चहूकडे तमिळ, आणि मधे आमची एक गल्ली मराठी. भर टाउन बसमध्ये पुढच्या बाकावरून आई मागं हाक मारायची, "कमले, परकर मागून उसवलाय, पत्र्यास टेकून उभी राहा!" सगळी बस ऐकायची आणि कुणास काही कळायचं नाही. सांगा, असं राज्य कोणत्या राणीस मिळालं? नवरात्रात शेजारी बाहुल्यांचा कोलू बघायला गेलो की घरची बाई पुढ्यात चण्यांचं सुंडल ठेवायची. आई तमिळमध्ये म्हणायची, "वा, काय चव!" आणि त्याच हसऱ्या तोंडानं आम्हास मराठीत, "मीठ विसरली आहे. गिळा मुकाट्यानं." तमिळ आमची बाजाराची, शाळेची, देवळाची. मराठी पोटातली. राग मराठीत, लाड मराठीत, आणि लोकांच्या तोंडावर त्यांची उणीदुणीही मराठीत.

आता या नित्याचं सांगते. हिला सगळी मराठी कळते. मी काय पुटपुटते तेही कळतं. उत्तर मात्र तमिळमध्ये. लहानपणापासून तसंच. आम्हीही चालवून घेतलं, कारण कामं होत होती. पण आता कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर हिचं उत्तराचं भाषण आहे, आणि हिनं अध्यक्षांस गुपचूप विचारलं, "इंग्रजीत बोलले तर चालेल का?" अध्यक्ष भले गृहस्थ. चालेल म्हणाले. मी काल हिला म्हटलं, "अगं, मराठीत बोल. पुण्यासही बोल." तर म्हणते, "वेण्डाम पाट्टी." नको आजी, म्हणे. का नको? तर लोक हसतील. आपली मराठी ऐकून हसतात, हे हिनं डोळ्यांनी पाहिलं आहे.

कुठं पाहिलं? मीच दाखवलं. उन्हाळ्यात हिची मुलाखत होती, म्हणून मुरलीकृष्ण, म्हणजे माझा मुलगा, हिचा बाप, आम्हा दोघींस पुण्यास घेऊन गेला. मुलाखत झाली. मी म्हटलं, एक साडी बघू. दुकानात गादीवर एक धष्टपुष्ट गृहस्थ. आणि मी आपली सवयीप्रमाणे, करंदैच्या बाजारात बोलते तश्शी, मोठ्यानं नित्यास सांगितलं, "याचं पोट बघ. स्वतः सकाळपासून खातो आहे, गिऱ्हाइकास पाणी विचारत नाही. साडी चांगली आहे, पण तू तोंड वाकडं कर. म्हणजे उतरेल किंमत."

हसताय काय? तुमच्यातल्या कुणीही हेच केलं असतं. जन्मभर केलं आहे!

तो गृहस्थ उठला, हात जोडले आणि म्हणाला, "आजी, ताईंना तोंड वाकडं करायला लावू नका. तसंच कमी करतो. आधी पाणी घ्या."

सगळं दुकान हसलं. नित्या जिन्यापर्यंत पळाली. मी कुठं पळणार, गुडघे हे असे. बसले. पाणी प्याले. एकीनं विचारलं, "आजी, कुठल्या तुम्ही?" म्हटलं, "तंजावरची." "तिकडे मराठी बोलतात?" म्हटलं, "तुमच्याकडूनच नेली होती, परत करण्यास उशीर झाला." पुन्हा हसले. दुसरी म्हणाली, "अजून काहीतरी बोला ना." मी म्हटलं, "मी काय मैनाबाई आहे? पेरू आणा, मग बोलते." तर त्या गृहस्थानं खरोखर पेरू मागवला. तिखटमीठ लावून! साडी घेतली ती हीच, नेसले आहे ती.

तर नित्या, इतकं झालं. हसले. मग? पेरू मिळाला. तू जिन्यावर होतीस, म्हणून तुज मिळाला नाही.

मंडळाचे लोक सांगतील, भाषा टिकवा, वारसा जपा. सांगू देत, त्यांना काम पाहिजे. मला वारशाचं काही पडलेलं नाही. मला इतकंच दिसतं की ही पोरगी परक्या ठिकाणी एकटी राहणार. इंग्रजीत पगार येईल. पण घरमालकिणीनं पाणी बंद केलं तर? रिक्षावाल्यानं लांबून फिरवलं तर? इंग्रजीत कुणाशी धड भांडता येतं का हो, वेंकटेशराव? तुम्ही इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, घरी कोणत्या भाषेत ओरडता? बघा, मान खाली घातली.

आणि हसण्याचं भय असेल तर ती भीती इथंच मोडून जा. या सभागृहात सगळे आपले. इथं हसले तरी पुढच्या पंगतीस तेच वाढतील...

काय गं? काय म्हणतेस? "पोदुम पाट्टी"? पुरे म्हणते. मला आज तमिळ ऐकू येत नाही. कान दुखतो.

हो, हसा तुम्ही. मी उभीच आहे. मला घाई नाही.

काय? मोठ्यानं बोल. मागच्या रांगेस ऐकू गेलं नाही.

"आजी, तू माइक सोडशील तर मी बोलेन ना!"

ऐकलंत? अध्यक्ष महाराज, ऐकलंत? 'सोडशील तर बोलेन ना' म्हणे! केवढा तोरा! हा तोरा कुणाचा, ते मला विचारू नका.

बरं. मंडळानं मला बोलू दिलं, आपण सगळ्यांनी भुकेल्या पोटी ऐकलं, उपकार झाले. अध्यक्षांस, पाहुण्यांस काही अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला. पोटात जागा नसेल तर उद्या घरी या, कॉफी देईन आणि राहिलेलं तिथं ऐकवेन.

नित्या, वर ये. सोडला माइक. घे.