दात कुणाचा

माझं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरामागं हिंडणाऱ्या माणसांतलं, तवा कुत्र्याची भीती म्हणाल तर मला कधीच नव्हती, आन् अजूनबी कुत्र्याची न्हाईच, भीती वाटती ती माणसाची. आमच्या मेंढरांच्या मुक्कामावर दोन-तीन कुत्री असायचीच, लांडग्यावर जाणारी, लई तिखट. पन कुणा वाटसराच्या पायाला नुसता दात लागला तरी आमचं आप्पा, म्हंजी माझा बाप, हातातलं टाकून उठायचं, जखम धुवायचं, त्या माणसाला घरापतूर पोचवायचं, आन् मंग कुत्र्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांदायचं, पळाया लागलं की गुडघ्यावर आपटायचं ते. मी म्हणायची, आप्पा, त्याला दुखतंय की ओ. आप्पा म्हणायचं, दुखू दे, कुत्रं आपलं तर त्याचं दातबी आपलंच. असं होतं आमच्यात.

लगीन झालं आन् सोलापुरात आली. मालक यंत्रमागावर होतं, धुळीनं छाती गेली त्यांची, आता घरातच असत्यात, मंग मी घरकामं धरली. चार घरं केली, सोडली, कुटं बोलणं सोसवंना, कुटं माझंच तोंड सोसवंना त्यास्नी, शेवटी जुळे सोलापूर भागात बाईंच्यात टिकली. बाई म्हंजी शाळेत शिकवायच्या, आता रिटायर हायत, एकट्याच राहत्यात, लेक पुण्याला. मी त्यास्नी बाईच म्हणते, त्या मला हौसा म्हणत्यात. आन् त्यांच्यात चिकू हाय. चिकू म्हंजी कुत्रं, आपलं गावठीच, तांबूस, बुटकं, बाईंनी रस्त्यावरनं उचलून आणल्यालं. बाईंच्या गुडघ्याचं आपरेशन झालं तवापासनं त्याला सकाळचं फिरवायचं माझ्याकडं आलं. मालक हसायचं, म्हणायचं, मेंढरं गेली तरी कुत्र्यानं काय तुला सोडलं न्हाई. हसू द्या की. मला बरं वाटायचं ते फिरणं, दिवसभर दुसऱ्याच्या फरशा पुसायच्या, तेवढाच एक वारा आपला.

कॉलनीच्या मागं मोकळं मैदान हाय, बाभळी हायत, तितंच सगळे कुत्री घेऊन येत्यात. तितं एक ठेकेदार यायचा, नाव कशाला सांगू तुमाला, सगळे ठेकेदारच म्हणत्यात. त्याचं कुत्रं शेरू, काळं, वासराएवढं. साखळी असायची, न्हाई म्हणत न्हाई मी, पन ती साखळी कुत्र्याच्या गळ्यात न्हाई, ह्याच्या गळ्यात, हार घातल्यागत. आन् हा मोबाईलवर बोलत मागनं निवांत. शेरू पुढं यायचं, चिकूपशी येऊन उभं राहायचं. भुंकायचं न्हाई बरं का. शेपटी वर ताठ, अंग कडक, डोळा हालत न्हाई. मी म्हणायची, साहेब, धरा की त्याला. त्यो लांबनंच म्हणायचा, काय करत न्हाई ओ मावशी, खेळतंय. आता खेळणारं कुत्रं मी बगितल्यालं न्हाई व्हय? खेळणारं कुत्रं ढुंगण हालवतंय.

मंग मी वेळ बदलली. उजाडायच्या आत जाऊ लागली. चार दिस बरं गेलं, आन् पाचव्या दिवशी बघते तर ठेकेदार तितंच. मी बाभळीकडनं न जाता पाण्याच्या टाकीकडनं जाऊ लागली, तर हा टाकीकडं. मी बाईंना म्हणली, बाई, ह्यो मुद्दाम करतोय. बाई म्हणल्या, हौसा, तुला प्रत्येक माणसात चोरच दिसतो गं. आसंल बाई, दिसत आसंल. पन मला त्याचं तोंड दिसायचं, बाईंना न्हाई दिसायचं. शेरू चिकूसमोर ताठ झालं की ह्याचा मोबाईल कानावरनं खाली यायचा आन् हा बघत राहायचा. कायतरी व्हायची वाट बघितल्यागत.

आन् झालंच. दिवाळी होऊन गेलती, गारठा होता, मी टाकीचं वळण घेतलं आन् शेरू समोरनं सुटलं. ह्या खेपेला उभंबी राहिलं न्हाई, सरळ चिकूच्या मानंला. काय सांगू तुमाला, चिकू असं ओरडलं, लेकरागत. मी चिकूची साखळी ओढली, ती उलट त्याच्याच गळ्याला आवळली, मंग वाकली आन् दोघांच्या मधी हातच घातला, घालू नये म्हाईत असून घातला, त्या टायमाला डोकं चालतंय व्हय? धूळ, केस, लाळ, आन् हाताला असं कायतरी गरम लागलं. बघते तर उजवा हात रगतानं भरल्याला. ठेकेदार लांबनं शेरू, शेरू म्हणत आला, पळत न्हाई, चालत. कुत्र्याचा पट्टा धरून मागं ओढलं आन् मला काय म्हणतोय, तुमचं कुत्रं आधी गुरगुरलं. मी हात दाखवला. त्यो म्हणला, हे शेरूचं न्हाई, शेरू जन्मात कुणाला चावल्यालं न्हाई, घोळात तुमचंच कुत्रं तुमाला चावलंय.

आन् खरं सांगू का, हितंच त्यानं मला मारलं. कारण मी बगितलंच नव्हतं कुणाचा दात ते.

नळाखाली साबण लावून हात धुतला, सरकारी दवाखान्यात गेली, टाकं पडलं, सुया सुरू झाल्या. चिकूच्या मानंलाबी टाकं. बाईंचा लेक फोनवर म्हणला, आई, सांभाळणाऱ्या माणसाला चावणारं कुत्रं घरात ठेवू नकोस, देऊन टाक कुणाला. त्या दिवसापासनं बाईंनी चिकूला मागच्या अंगणात बांदलं. जेवाण लांबनं सरकवायच्या. ज्या बाई त्याला मांडीवर घेऊन टीव्ही बघायच्या, त्या. आन् मी तरी काय निराळी? मी भांडी घासाया बसली की चिकू साखळी ताणून यायचं, माझ्या पट्टीला हुंगायचं, चाटाया बघायचं, आन् मी हात मागं घ्यायची. त्याच्या तोंडाकडं बघायची. तूच का रं? त्ये बिचारं कान पाडून बसायचं.

अशात एक दिवस दुपारचं बाईंचं दार वाजलं. ठेकेदाराची बायको. कधी बोलल्याली न्हाई, नुसती गच्चीवर कपडे वाळत घालताना बगितल्याली. एवढ्या उन्हाचं पदर हातावर गुंडाळून उभी. पाणी दिलं तर घेतलं न्हाई. म्हणली, मावशी, सुया सगळ्या घ्या, एकबी चुकवू नका. मी म्हणली, का ओ, तुमच्या कुत्र्याला टोचल्यालं न्हाई का? ती आल्या पावली गेली. मी बाईंना म्हणली, हिला त्यानंच धाडली, बघून ये, पोलिसात जात्यात काय म्हणून. बाई म्हणल्या, मग सुया घ्या कशाला सांगेल? मी म्हणली, गोड बोलायला. पन रातभर मनात तेच, त्यानं धाडली आसती तर तिनं पाणी घेतलं आसतं, बसली आसती, गप्पा मारल्या आसत्या. ही तर चोरागत आली.

रविवारी सकाळी बाई उठल्या, काठी घेतली, म्हणल्या, हौसा, दात त्यांच्या कुत्र्याचा नसता तर ती सुया घ्या म्हणून सांगायला आली नसती, चल. तसल्या दुखऱ्या गुडघ्यानं चालत ठेकेदाराच्या गेटपतूर गेल्या. रस्त्यात कॉलनीतली चार माणसं मागं आली, काय तमाशा म्हणून. ठेकेदार गेटच्या आत, शेरू वरांड्यात बांदल्यालं. बाई शाळेतल्या आवाजात म्हणल्या, तुमचं कुत्रं ह्या बाईला चावलं, तुमी विचारपूस सोडा, वर खोटं बोलता. ठेकेदार हसला. माणसांकडं बघत म्हणला, मॅडम, वय झालंय तुमचं, तुमची कामवाली काय सांगंल त्याच्यावर विश्वास ठेवता, माझं कुत्रं आजपतूर कुणाला चावल्यालं न्हाई, शपथ घेऊन सांगतो.

तवर मागं दारात ती उभी. तिनं हातावरचा पदर सोडला, बाही वर सरकवली आन् म्हणली, मला चावलंय. श्रावणात. आवाज मोठा नव्हता, पन सगळ्यांनी ऐकला. ठेकेदार म्हणला, आत जा. ती पायऱ्या उतरून खाली आली. म्हणली, तुमी मला म्हणालासा, दारात हात सापडला म्हणून लोकांस्नी सांग, मी सांगितलं. त्याला टोचून आणा म्हणली तर आणलं न्हाईसा. तुमाला कुणाचं कुत्रं वरचढ होतंय ते बघायची हौस, आन् दात मात्र दुसऱ्याच्या अंगात. मंग ती गेटपशी आली, माझा हात धरला आन् तिच्या हाताशेजारी ठेवला. तिचं वाळल्यालं वण, माझी ओली जखम. लांबी तेवढीच, मधलं अंतर तेवढंच. चिकूचं अख्खं तोंड त्यात मावलं आसतं. ठेकेदार आत गेला आन् दार लावून घेतलं, ती भाईरच राहिली थोडा वेळ. बाईंनी तिला घरी आणलं, ह्या खेपेला तिनं पाणी घेतलं, च्याबी घेतला.

घरी आल्या आल्या बाईंनी मागचं दार उघडलं, चिकूची साखळी सोडली आन् तितंच पायरीवर बसल्या. गुडघा दुखत होता तरी बसल्या. चिकू आधी आलंच न्हाई. लांबनं बघत राहिलं. लई वेळानं आलं.

आता शेरूला तीच फिरवती. मी म्हणली तिला, आगं, तुला चावल्यालं कुत्रं, सोडून का देत न्हाईस. ती म्हणली, कुटं सोडू मावशी, दुसऱ्याच्या दारात? घरात राहणारच हाय तर माझ्या हातात राहू दे. त्याला टोचून आणलं, तोंडाला जाळी घातली, साखळी मनगटाला दोन वेढे. आमी दिसलो की ती मैदानाच्या पलीकडं थांबती, आमी पुढं गेल्याबिगर हालत न्हाई. लांबनं हात वर करती, मीबी करते. माझी दोन बोटं अजून नीट मिटत न्हाईत, भाकरी थापताना कड फाटती, मालक म्हणत्यात फाटू दे, चव तीच हाय. चिकू शेरूला बघितलं की माझ्या लुगड्यामागं होतंय. त्या पोरीचं भलं होवो, अंगात बळ राहो तिच्या, एवढं मी रोज म्हणते. ठेकेदार मैदानात येत न्हाई आता. गच्चीवर उभा असतो, हातात च्याचा कप, आमच्याकडं बघत. कशाला बघतो त्याचं त्यालाच म्हाईत. मी मान वर करत न्हाई, पन त्यो हाय का न्हाई, तेवढं मला म्हाईत असतंय.