मंगळवारची चौकट

सून : बाबा, ठिपक्यांच्या रेघेवरून कापायचं असतं. तुम्ही पुन्हा बोटभर लांबून कापताय.

सासरे : रेघेवरून कापणारा शिंपी उपाशी मरतो, सूनबाई. आत थोडी माया सोडावी लागते. उद्या गिऱ्हाईक जाड झालं तर?

सून : साबणाचं कूपन जाड होत नाही. आणि तुमच्या त्या मायेपायी शेजारचं अंड्यांचं कूपन अर्धं गेलं. हे बघा, डझनाचं चित्र होतं, आता मोजून सात उरलीत.

सासरे : मग सात देईल की गल्ल्यावरची बाई. चेहऱ्याने मऊ वाटते.

सून : हळू हसा हो! चिरंजीव रात्रपाळी करून आलेत तुमचे, आणि पोरांना आत्ता कुठे डोळा लागलाय.

सासरे : बरं, बरं. हे घे. हे केकचं पान कुठे ठेवू? वर चेरी आहे लालभडक.

सून : ते घ्यायचं नाहीये आपल्याला.

सासरे : घ्यायचं नाही म्हणून कापायचंही नाही? धाकटीच्या बाहुल्या वाट बघतात. काल तिने त्यांना कागदाचा अख्खा मासा वाढला. वर दम दिला, 'एका घराला एकच हं, परत मागायचं नाही.'

सून : अगदी दुकानातल्या पाटीसारखी बोलते. कापा मग, पण चेरी अर्धी करू नका. आणि पडदा जरा ओढून घ्या, ऊन डोळ्यावर येतंय तुमच्या.

सासरे : राहू दे. तो वाऱ्याने फुगला की भिंतीवर कशी सावली हलते बघ. मी हा शिवला तेव्हा कापड तिरकं कापलं गेलं होतं. तुझी सासू म्हणाली, तिरकं तर तिरकं, हलताना बरं दिसेल. तेव्हा मला राग आला होता. आता रोज दुपारी बघत बसतो.

सून : बघता बघता झोपताही. मघाशी कात्री हातात धरून घोरत होतात.

सासरे : घोरत नव्हतो. ती आली होती.

सून : सासूबाई?

सासरे : हं. दुपारचीच येते. रात्री कधी नाही. दुकानाच्या मागच्या दारात उभी राहते, ओले हात पदराला पुसत, आणि विचारते, 'आज काय करू?'

सून : मग तुम्ही काय सांगता?

सासरे : कुठलं काय सांगतोय! तोंडात टाचण्या असतात ना. एकेक काढून उशीत खोचतो, काढतो, खोचतो, संपतच नाहीत. समोर कापड पसरलेलं असतं, पांढरं, गल्लीच्या टोकापर्यंत. ती उभी असते. घाई नाही तिला. आणि मी तोंड मोकळं करतोय तोवर जाग येते.

सून : रोज हेच?

सासरे : रोज हेच. खरोखरीचंही तसंच असायचं म्हणा. जन्मभर ती विचारायची आणि मी टाचण्यांमधूनच म्हणायचो, 'कर काहीही.'

सून : तेच तुम्ही मलाही म्हणता. तोंडात टाचणी नसताना. आता हा तक्ता घ्या समोर. सोमवार माझा, तिथे मसूर आणि पाव. बुधवार ह्यांचा, बटाटे. थोरल्याने गुरुवारी नूडल्स मागितल्यात, त्याचं कूपन आहे. शुक्रवारी धाकटीला अंडी. ती तुम्ही कापून खाल्लीत, ते मी बघते. शनिवार उरल्यासुरल्याचा, रविवारी कोंबडी. मंगळवार तुमचा. काय लिहू?

सासरे : लिही काहीही.

सून : बघा! तुम्ही आमच्याकडे राहायला आल्यापासून मंगळवारच्या चौकटीत 'काहीही' लिहिलंय. धाकटीला वाटतं, तो एक पदार्थ आहे. परवा शेजारणीला सांगत होती, 'मंगळवारी आमच्याकडे काहीही असतं, आजोबांना ते फार आवडतं.'

सासरे : खोटं नाही बोलली पोर. तू करतेस ते आवडतंच.

सून : कौतुकाने पोट भरत नाही आणि तक्ताही. तुम्ही पदार्थ सांगितलात तर मी त्याची कूपनं शोधीन. 'काहीही'चं कूपन कुठलं दुकान देतं?

सासरे : या मंगळवारचं नंतर बघू. तू असं कर, ती चौकट थोरल्याला देऊन टाक. वाढतं वय आहे त्याचं.

सून : का?

सासरे : का म्हणजे? आपलं सहज.

सून : सहज. बाबा, मला कालपासून एक विचारायचंय. विचारू?

सासरे : विचार की. मी काय गल्ल्यावरची बाई आहे, तुला पाटी दाखवायला?

सून : तिच्याबद्दलच आहे. काल तेलाचं कूपन होतं, एका घराला एकच. म्हणून नेहमीसारखे आपण वेगवेगळ्या रांगेत उभे राहिलो. ओळख दाखवायची नाही, हे ठरलेलं होतं. हे सगळं कबूल.

सासरे : मग? मी ओळख दाखवली का? तूच मेली मागे वळून 'बाबा, पिशवी घेतली ना?' म्हणालीस. तरी मी सांभाळून घेतलं.

सून : सांभाळलंत. ती म्हणाली, 'या तुमच्या कोण?' तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, 'कोण जाणे. मी एकटाच राहतो.'

सासरे : झकास जमलं ना?

सून : फारच. क्षणभर मलाही खरं वाटलं.

सासरे : अगं, नाटक होतं ते!

सून : तेच तर. मग ती म्हणाली, 'एकटे कुठे राहता?' आणि तुम्ही पटकन सांगितलंत, 'जुन्या बटणवाल्याच्या दुकानावर, माडीवरची खोली, मागच्या जिन्याने.' एक क्षणही थांबला नाहीत. बाबा, खोटं बोलणाऱ्या माणसाला जिना कसा सुचतो?

(कात्रीचा आवाज थांबतो.)

सासरे : पडदा बघ कसा फुगलाय.

सून : मला पडदा नका दाखवू.

सासरे : बटणवाला जुना दोस्त आहे. माझ्या सगळ्या शर्टांची बटणं त्याचीच. खोली रिकामीच पडलीय त्याची. एक खिडकी आहे, खाली रस्ता दिसतो. तो म्हणाला, भाड्याचं नंतर बघू, अधूनमधून काजं करून दे. बघून आलो, एवढंच.

सून : बघून आलात. मला वाटलं तुम्ही संध्याकाळी फिरायला जाता.

सासरे : फिरता फिरताच बघितली.

सून : कधी जायचं ठरलंय?

सासरे : मंगळवारी. तू कामावर गेलीस की पेटी घेऊन सटकणार होतो. समोर असलीस की रडारड होते.

सून : कुणाची? माझी?

सासरे : माझीच बहुतेक.

सून : काय कमी केलं आम्ही? सरळ सांगा. मी बोलते तडतड, मान्य आहे. कामावर लोकांच्या कपड्यांना इस्त्री मारून मारून माझंही डोकं तापतं. पण मनात काही नसतं हो माझ्या.

सासरे : तुझ्यात नाही गं काही. तू वाईट असतीस तर बरं झालं असतं, हक्काने बसून खाल्लं असतं.

सून : मग काय झालं?

सासरे : पाकिटं चारची असतात.

सून : काय?

सासरे : पाकिटं. सगळी. कोंबडीचे तुकडे चार, दह्याचे कप चार, पाव चार. कूपनावर चित्र असतं बघ, आई, बाप, दोन पोरं, सगळे हसतायत. म्हातारा नाही त्यात. आणि पोराचे कामाचे तास कमी झाल्यापासून या घरात रोज कुणाला तरी भूक नसते. सोमवारी तुझं डोकं दुखतं. बुधवारी तो बाहेरून खाऊन आलेला असतो. कुठे खातो गं तो? गोदामात खोकी खातो? भूक नसण्याचंही वेळापत्रक केलंय तुम्ही दोघांनी, ते मात्र फ्रिजवर लावलेलं नाही.

सून : ते तुम्हाला कळलं?

सासरे : शिंपी आहे मी. माणसाची कंबर नजरेनेच मापतो. तुझा ब्लाउज दोन्हीकडून आत घेतला मागच्या आठवड्यात, तो काय उगीच?

सून : आणि तुम्ही? 'पोट जड आहे, मला नको', हे कोण म्हणतं दर रविवारी?

सासरे : खरंच जड असतं.

सून : मागच्या रविवारी तुमचं पोट जड, माझं डोकं दुखलेलं आणि हे बाहेरून खाऊन आलेले. पोरांनी एकेक तुकडा खाल्ला. दोन तुकडे तसेच राहिले ताटात, एकमेकांकडे बघत.

सासरे : आणि सकाळी मांजराने खाल्ले!

सून : ओट्यावर बसून मिशा पुसत होतं मेलं. एवढं नियोजन, एवढी कापाकापी, आणि जेवलं कोण, तर शेजारचं मांजर.

सासरे : त्याला बरं कूपन लागलं नाही.

सून : हसवू नका. मी रागावलेय. खरंच रागावलेय, बाबा.

सासरे : माहीत आहे. डोळे पूस आधी, कूपनं भिजतील. साबणाचं तरी भिजलं तर चालेल.

सून : तुम्ही यायच्या आधी मी हे एकटीने करायची, माहितीय? हे झोपलेले, पोरं झोपलेली आणि मी इथे कागद पसरून. किती भाव, कधी मुदत, काय पुरेल. काही पुरायचं नाही, आणि सांगणार कुणाला? तुम्ही आलात, कात्री घेतलीत आणि पहिल्याच दिवशी अख्खं पान वाकडं कापलंत. त्या दिवशी मी इतकी हसले! तेव्हापासून रविवार दुपारची मी वाट बघते. एवढं एकच आहे माझं आठवड्यात, जिथे मला वाटतं की आपलं बरं चाललंय. तुम्ही तेही घेऊन निघालात, बटणवाल्याच्या माडीवर.

सासरे : मला वाटलं, एक ताट कमी झालं तर तुमचं जमेल.

सून : जमेल. चारची पाकिटं चौघांना बरोब्बर पुरतील. आणि मग धाकटी बाहुल्यांना वाढताना विचारेल, 'आजोबांचं कुठे ठेवू?' तिला काय सांगू? मागच्या जिन्याने जा म्हणू?

सासरे : ती माझं पान मांडते?

सून : बाहुल्या चार आणि पानं पाच. रोज. तुम्हाला कंबरा दिसतात, हे नाही दिसलं?

सासरे : चष्मा लांबचा आहे माझा.

सून : मला तुम्ही इथे हवे आहात. तेलासाठी नाही, दुसऱ्या रांगेसाठी नाही. पुढच्या शनिवारी आपण एकाच रांगेत उभे राहू. मी मोठ्याने 'बाबा' म्हणणार आहे, तिने विचारायच्या आत.

सासरे : एक तेल बुडेल.

सून : बुडू दे. तुम्ही पिशवी धरा.

सासरे : आणि बटणवाला? त्याने जिना झाडून ठेवलाय.

सून : त्याला सांगा, सून भांडकुदळ आहे, सोडत नाही. काजं इथे बसून करून द्या त्याची, त्याचे चार पैसे येतील ते डब्यात टाका. आणि आजपासून या घरात कुणाचं डोकं दुखणार नाही, माझंसुद्धा. पाकीट चारचं असलं तर तुकडे कापून पाच करू. कात्री आहे, शिंपी आहे.

सासरे : माझे तुकडे वाकडे होतात.

सून : वाकडे तर वाकडे. आता सांगा. मंगळवारी काय करू?

सासरे : कर का...

सून : बाबा.

सासरे : थांब जरा. ती अशीच थांबलेली असते. तुझ्यासारखीच, उत्तराची वाट बघत.

सून : मी पण थांबलेय. घाई नाही. तोंडात टाचण्या आहेत का?

सासरे : नाहीत.

सून : मग?

सासरे : कांद्याचं सूप. एकदा केलं होतं तिने, आम्ही नवे होतो तेव्हा. घरात दुसरं काही नव्हतं. कांदे पातळ चिरून मंद आचेवर परतत बसली, परतत बसली, ते तपकिरी होईस्तोवर. सगळ्या गल्लीला वास. वर शिळा पाव भाजून टाकला होता. मी दोन वाट्या प्यायलो आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसलो. चांगलं झालंय म्हणायचं राहिलं. नंतर मी मागितलं नाही, तिने केलं नाही.

सून : कांद्याचं सूप. लिहिलं बघा. मंगळवार, बाबा, कांद्याचं सूप. कांद्याचं कूपन द्या इकडे.

सासरे : ते... हे बघ. अंड्यांच्या पलीकडे होतं.

सून : म्हणजे तेही कापलं गेलं?

सासरे : राहू दे मग. पुऱ्या भावाने कशाला कांदे घ्यायचे? दुसरं बघ काही...

सून : पुऱ्या भावाने घेऊ. पाटी वाचू नका माझ्यासमोर. किती जणांचं करू?

सासरे : पाच जणांचं. आणि मंगळवारी सगळ्यांना भूक लागू दे.