करवंदीच्या जाळीतली झेंडी

वाई स्टँडवर माझ्या बाकावर एक म्हातारी बसली होती. तिच्या शेजारी काट्यांनी ओरखडलेली, गळ्यात होकायंत्र अडकवलेली एक पोरगी.

“कुठनं आलीस गं अशी?”

“डोंगरातून, मावशी. स्पर्धा होती. रानात लावलेल्या झेंड्या टीमनं नकाशा बघून शोधायच्या.”

“घावल्या?”

“एक सोडून सगळ्या. नकाशा माझ्याकडं होता, म्हणून टीममधलं कुणी माझ्याशी बोलत नाही.”

“नारिंगी-पांढरी? करवंदीच्या जाळीत?”

“हो. तुम्हाला कसं माहीत?”

“मोजणीवाल्यांची न्हवं व्हय ती?”

“कसली मोजणी?”

“जमिनी घ्यायला करत्यात ती. मी उपटून चुलीत घातली.”

“मावशी, आम्ही दिवसभर तिथंच शोधत होतो.”

“आन् आमचं म्हातारं कालपास्नं बांधावर कुऱ्हाड घिऊन बसलंय. त्याला आता काय सांगू, पोरींचा खेळ व्हता म्हणून?”