एकशेऐंशीच्या अलीकडे

(गाड्यांच्या चाचणीचा लंबगोल ट्रॅक. गाडी उभी आहे. स्टिअरिंगवर मामा, शेजारी मांडीवर लॅपटॉप घेतलेली तरुण इंजिनीअर. साहेब कंट्रोल रूममधून वायरलेसवर बोलतात.)

इंजिनीअर : अहो मामा, बूट काय काढताय?

मामा : एकच काढतोय, डावा. उजवा पायातच आहे, बघ हवं तर वाकून.

इंजिनीअर : आणि मोजासुद्धा?

मामा : मोज्यातून काय डोंबल कळतंय? एकतीस वर्षं इथे गाड्या पळवल्या, डावा पाय उघडा ठेवून. मग कुणीतरी नवीन आलं आणि पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून मोकळं झालं, ‘चालक एका पायात बूट घालत नाहीत.’ आठ महिने झाले, दोन्ही पाय कोंडून ठेवलेत.

इंजिनीअर : ते मीच लिहिलं होतं.

मामा : माहितीये. अक्षर सुबक होतं.

इंजिनीअर : नियम आहे तो, मामा.

मामा : आहेच की. पण आज सहा वाजता मी निवृत्त होतोय. आता काय, कामावरून काढतील? आणि या गाडीला क्लच नाही, म्हणजे डावा पाय नुसता पाहुणा. बसू दे बिचाऱ्याला आरामात. तुला लिहायचं तर लिही पुन्हा.

इंजिनीअर : नाही लिहीत. पट्टा लावा. आधी फक्त बॅटरीवर.

मामा : निघालो. साठ... शंभर... काय गुपचूप जाते गं ही, मांजरासारखी. एकशेतीस. एकशेचाळीस. झालं, अडली. पेडल पार खाली गेलंय, तरी हलत नाही पुढे.

इंजिनीअर : बरोबर. बॅटरीवर एकशेचाळीसच. त्याच्यापुढे मोटर तिला सोसवेल त्याहून जास्त गरगरते, म्हणून आम्ही तिथे कुंपण घातलंय. आता हायब्रिडचं बटण दाबा.

मामा : हं. उठले इंजिनराव. आता दोघं मिळून किती?

इंजिनीअर : एकशेऐंशी.

मामा : एवढं धूड मदतीला आलं आणि वाढले फक्त चाळीस?

इंजिनीअर : वेग वाढतो तसा हवेचा अडथळा वर्गाने वाढतो ना. शिवाय एकशेऐंशीलाही आपलंच कुंपण आहे.

मामा : आमच्याकडे उलटं. मी एकटा शंभर, मामी शेजारी बसली की दोघं मिळून साठ.

इंजिनीअर : मामींचं कॅलिब्रेशन चांगलं आहे. एकशेपंचावन्न... एकशेसाठ...

मामा : थांब. बोलू नकोस जरा.

इंजिनीअर : काय झालं?

मामा : एकशेसत्तर. हे काय आहे?

इंजिनीअर : कुठे काय? आलेख तर सपाट आहे.

मामा : तळपायाला. मुंग्या आल्यासारखं वाजतंय खालून.

इंजिनीअर : इंजिन असेल. ते आत्ता मिनिटाला बेचाळीसशे फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला सत्तर. त्याची थरथर असणारच. ती सगळीकडे लुडबुडते, म्हणून सत्तरच्या आसपासचं मी आलेखातून गाळूनच टाकलंय.

मामा : गाळलंस? चहा आहे का तो? हे बघ, इंजिनाची थरथर मला पाठीत येते, सीटमधून. ही पायाखालच्या फळीतून येतेय. इंजिनाची चाल मी ओळखतो गं, घरच्या माणसासारखी.

साहेब : काय चाललंय तिकडे? चार वाजता जाहिरातीच्या पत्रकासाठी कमाल वेगाचा आकडा छापखान्यात जायचाय. एकशेऐंशी ना?

इंजिनीअर : एक फेरी द्या, सर. मामा, एकशेसत्तरला न्यूट्रल करता येईल?

मामा : येईल की. कशाला?

इंजिनीअर : न्यूट्रल केलं की इंजिन खाली बसेल, सेकंदाला तेरा-चौदा फेऱ्यांवर. चाकं मात्र त्याच वेगाने फिरत राहतील. थरथर इंजिनाची असेल तर तिथल्या तिथे जाईल.

मामा : आणि नाही गेली तर?

इंजिनीअर : तर मी आठ महिने चुकतेय. गाळणी काढली. करा.

मामा : एकशेसत्तर. केलं न्यूट्रल. इंजिन बसलं... आणि ही बाई आहे तिथेच आहे. वाजतेय. एकशेअडुसष्ट, वाजतेय. पासष्ट. जरा कमी झाली. एकसष्ट... गेली. तळपाय शांत.

इंजिनीअर : दिसली. मामा, दिसली मला! आलेखात सत्तरला लागूनच उभी आहे, काठीसारखी. एकशेसत्तरला चाक सेकंदाला साधारण चोवीस वेळा फिरतं. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यात तीन रोलर असतात, म्हणजे एका फेऱ्यात तीन ठोके. चोवीस त्रिक बहात्तर. इंजिनाचे सत्तर आणि हे बहात्तर शेजारीशेजारी पडले, आणि मी दोघांनाही एकाच झाडूने बाहेर काढलं.

मामा : सोपं करून सांग. माझ्या पायाखाली काय वाजतंय?

इंजिनीअर : खाली बॅटरी धरून ठेवणारं ब्रॅकेट आहे. ते त्या ठोक्यांच्या तालावर नाचतंय असं वाटतं. नक्की उघडल्यावर कळेल. पण रोज असं नाचलं तर बोल्ट सैल होणार, आणि वर माणसं बसलेली असणार.

साहेब : ऐकलं मी. म्हणजे किती लिहायचं म्हणतेस?

इंजिनीअर : एकशेसाठ.

साहेब : एकशेसाठ? पत्रकावर एकशेऐंशी जुळवून ठेवलंय. अहवालावर सही कुणाची आहे, माहितीये ना?

इंजिनीअर : माझी. पहिलीच आहे, सर. म्हणून तर एकशेऐंशी लिहिलेल्या अहवालावर ती करणार नाही. ब्रॅकेट बदला, मी स्वतः पुन्हा मोजेन. न्यूट्रलचा आलेख पाठवलाय तुम्हाला.

साहेब : थांब, बघू दे.

मामा : श्वास घे, पोरी.

साहेब : ...हे आधी का नाही दिसलं?

इंजिनीअर : मी गाळत होते, सर. चूक माझी आहे, तीही अहवालात लिहितेय.

साहेब : हं. एकशेसाठ पाठव. छापखान्याच्या शिव्या मी खातो. मामा, शेवटच्या दिवशी तरी गप्प बसला असतात!

मामा : सवय नाही हो, साहेब.

साहेब : बरं झालं नाही बसलात ते. ठेवतो.

इंजिनीअर : मामा, या गाडीच्या सतरा चाचण्या झाल्या. सतराच्या सतरा बूट घालून.

मामा : आता ते उगाळत बसू नकोस. गाडी अजून कुणाला विकलेली नाही. वेळेत सापडलं.

इंजिनीअर : तुम्ही आज बूट काढला म्हणून. नाहीतर माझी सही घेऊन ही गाडी कुणाच्या तरी घरी गेली असती, आणि मला कधी कळलंही नसतं. तुमचे आभार कसे मानू, तेच कळत नाही.

मामा : मानायचे तर मी मानायला हवेत. इतकी वर्षं मी सांगत आलो, साहेब, काहीतरी आहे. समोरचा पडद्याकडे बघायचा आणि म्हणायचा, यंत्रात दिसत नाही. विषय संपला. माझं ऐकून यंत्रालाच उलटतपासणीला उभं करणारी तू पहिली. मला वाटायचं, हे माझ्याबरोबरच घरी जाणार.

इंजिनीअर : नाही जाणार. उद्यापासून मीही काढणार डावा बूट. नियम बदलायचा अर्ज आधी देईन.

मामा : आधी अर्ज आणि मग बूट! शोभतेस खरी.

इंजिनीअर : एक रकाना राहिलाय. ‘दोष कोणत्या साधनाने आढळला?’

मामा : लॅपटॉप लिही.

इंजिनीअर : लिहिलंय मी. वाचू? ‘चालकाचा डावा पाय.’

मामा : थांब, गाडी कडेला घेतो. दाखव बघू.

इंजिनीअर : मामा? चुकलं का काही?

मामा : नाही गं. कंसात फक्त ‘मोजा न घालता’ असं लिही.