प्रकरण तिसरं : विणणाऱ्या बायका

हॅलो?… हो, मीच. आईशिवाय या घरात फोन कोण उचलणार?… बोल, नझीहा. दिलास का तुझा प्रबंध?… उद्या? मग फोनवर काय करतेस, लिही की!

काय?… एका टोपीला दीड दिवस. पूर्वी एक लागायचा, आता बोटं ऐकत नाहीत… दुखत नाहीत गं, ऐकत नाहीत म्हटलं!

हं, वाच. कुसकुस वाफेवर आहे, वेळ आहे मला…

थांब, थांब. ते पुन्हा वाच… "तयार शेशिया टोपी विणणारीला कधी दिसत नाही, म्हणून ती आपल्याच कामाला परकी होते"… हे कुणी सांगितलं?… जर्मन? मेलाय? अल्ला त्याला माफ करो. त्यानं कधी लोकर हातात धरली होती?… बरं बाई, नाही चिडत.

अगं ऐक ना. मी विणते ती पांढरी, ढगळ पिशवीच असते, कबूल. ती उकळायची, कुटायची, लाल रंगवायची, हे सगळं दुसऱ्यांकडे. पण परवा मशिदीपाशी एक म्हातारा दिसला, माझी टोपी घालून… ओळखते म्हणजे ओळखते!… रंगवल्यावर टाके दिसत नाहीत? तुला दिसत नाहीत.

आणि दुसरा काय म्हणतो?… काम म्हणजे मान. बरं. तिसरा?… पोटासाठी. बरं… नाही, खोटं कुठे म्हणतेय मी? पण नझीहा, ऐंशी पानं लिहिलीस. मेलेल्यांनासुद्धा विचारून आलीस. दिवस किती, टाके किती, ते मला विचारतेस. विणताना काय वाटतं, हे एकदा तरी विचारलंस?

…रागावले नाही. वाईट वाटलं.

आत्ता?… बरं, विचार.

…काही वाटत नाही… अगं, खरंच सांगतेय. तुझे बाबा गेले तेव्हा चाळीस दिवस घरात माणसं, रडारड, कुराण वाचणारे. मी कोपऱ्यात सुया घेऊन बसायचे. तुझ्या आत्यानं किती नावं ठेवली! पण विणत असले की काही वाटायचं नाही. सुया खाली ठेवल्या की ते पुन्हा गेलेले असायचे.

नझीहा?… रडतेस?

रडू नकोस गं… हो, लिही. आत्याचं तेवढं गाळ… नको, "एक विणणारी म्हणाली" असं नको. "आई म्हणाली" तर नकोच. नाव घाल. कल्थूम हमरूनी… हो, आडनावासकट. ठेवते.